धातू, अधातू आणि शब्दांचा कस
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेसाठी विषय कळवावा असे कार्यवाहांचे पत्र आले, तेव्हा मराठीच्या अध्यापकाकडून संतवाङ्मय किंवा फार तर नवकविता एवढीच त्यांची अपेक्षा असावी. मी ‘धातू आणि अधातू’ असे कळविले. एका स्नेह्यांनी लगेच विचारले, “अहो, हा विषय रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचा, तुम्ही त्यात कोठे शिरता?” माझे उत्तर असे की, या दोन शब्दांपैकी पहिला शब्द रसायनशास्त्राआधी व्याकरणाचा आहे आणि दुसरा शब्द तर सर्वस्वी व्याकरणाच्या कृपेने उभा आहे. एक ‘अ’ पुढे लावला आणि शब्द सिद्ध झाला. हा ‘अ’ आपल्याला काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. रसायनशास्त्र त्यात आवश्यक तेवढे येईलच.

‘धातू’ हा शब्द ‘धा’ म्हणजे धारण करणे यापासून झाला. जो धारण करतो तो धातू. वैयाकरणाला शब्दाचे मूळ धारण करणारा अंश धातू वाटला. पाणिनीच्या परंपरेतील धातुपाठात असे सुमारे दोन हजार धातू सांगितले आहेत. वैद्याला शरीर धारण करणारे रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र हे सात धातू वाटले. पर्वत पाहणाऱ्याला डोंगराच्या पोटातील रंगीत खनिजे धातू वाटली. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त हिमालयाच्या शिखरांवर जे धातू आहेत, ते सोने-रुपे नव्हेत, गेरूसारखी तांबडी माती आहे. ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. गेरू म्हणजे लोह आणि प्राणवायू यांचे संयुग. म्हणजे कवीने ज्याला धातू म्हटले, त्यात आजच्या हिशेबाने एक धातू आणि एक अधातू एकत्र नांदत आहेत. ज्याला आपण आज धातू म्हणतो, त्याला जुना शब्द होता ‘लोह’. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात सोने, रुपे, तांबे आणि लोखंड ही शुद्ध लोहे, शिसे आणि कथील ही पूतिलोहे, आणि पितळ, कांसे, वर्तलोह ही मिश्रलोहे अशी वाटणी आहे. पूति म्हणजे दुर्गंधी. कारागिराच्या नाकाने केलेले हे वर्गीकरण आहे, आणि मला ते फार प्रामाणिक वाटते.

मग अधातू कोठे होते? एका घरात तर नव्हतेच. गंधक उपरसांत मोडत होता, हिरा रत्नांत होता, कोळसा इंधनात होता आणि हवा तर थेट पंचमहाभूतांत जाऊन बसली होती. ही चारही मंडळी एकमेकांची भावकी आहेत असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पुस्तकांवरून मराठी शालेय पुस्तके सिद्ध होऊ लागली, तेव्हा या सर्वांना एका छपराखाली आणणे प्राप्त झाले आणि छपरावर पाटी लागली ‘अधातू’. जे धातू नाहीत ते. शास्त्राच्या सोयीसाठी ही पाटी योग्यच होती; इंग्रजीतही नेमकी हीच सोय केलेली आहे. परंतु एखाद्याची ओळख ‘तो अमका नाही’ अशी करून देणे म्हणजे काय, हे या सभागृहात बसलेल्या मंडळींना मी अधिक सांगण्याची गरज नाही. हैदराबादेत आपण तेलुगू नाही म्हणून ओळखले जातो आणि पुण्याला गेलो की महाराष्ट्रातले नाही म्हणून. असो.

आता धातूंचे गुण पाहू. शाळेच्या पुस्तकात ते क्रमाने येतात : चकाकी, वर्धनीयता, तन्यता, उष्णतेची व विजेची वाहकता, नादमयता. मुले हे शब्द पाठ करतात आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहितात. ‘वर्धनीयता’ म्हणजे काय हे विचारले, तर बहुतेकांच्या तोंडी पुस्तकातील व्याख्या येते. परंतु चारमिनारच्या परिसरातील गल्ल्यांतून ज्यांनी चांदीचा वर्ख कुटणाऱ्यांच्या हातोडीचा एकसारखा ठेका ऐकला आहे, त्यांनी वर्धनीयता कानाने ऐकलेली आहे. चांदीचे चिमुकले तुकडे पानांच्या चळतीत ठेवून तासन्‌तास कुटले की त्यांचा इतका पातळ पापुद्रा होतो की श्वासानेही तो उडावा. सोने तर याहून शरण येणारे. एक ग्रॅम सोने कुटून सुमारे एक चौरस मीटर पत्रा काढता येतो, आणि ओढून तार केली तर ती दोन किलोमीटरांच्याही पुढे जाते. तार ओढली जाण्याचा हा जो गुण, त्याला पुस्तक ‘तन्यता’ म्हणते. सोनार जंतरड्याच्या छिद्रातून तार ओढतो. त्याला या शब्दाची अडचण कधी भासली नाही.

धातू असे वागतात याचे कारण मात्र सोनाराच्या डोळ्यांना दिसणारे नव्हते. ते विसाव्या शतकात स्पष्ट झाले. धातूच्या प्रत्येक अणूजवळ बाहेरच्या कक्षेत थोडे इलेक्ट्रॉन असतात आणि ते त्याला फारसे प्रिय नसतात. असे असंख्य अणू एकत्र आले की प्रत्येकजण आपले हे इलेक्ट्रॉन सर्वांच्या स्वाधीन करतो. आपल्याकडे गावाचे गायरान असते ना, तसा हा प्रकार : कोणाच्याही सातबाऱ्यावर नाही, पण चरण्याचा हक्क सर्वांना. या सामाईक इलेक्ट्रॉनांमुळे वीज वाहते, उष्णता पसरते, पडलेला प्रकाश परत फिरतो म्हणून चकाकी दिसते. हातोडी बसली की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. परंतु गायरान सर्वांचेच असल्यामुळे सरकलेला अणू पोरका होत नाही आणि पत्रा तुटत नाही. अधातूंची रीत निराळी. त्यांचे अणू आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतात, फार तर शेजाऱ्याशी दोघांपुरता करार करतात. गंधकाच्या खड्यावर हातोडी मारा. करार मोडतो आणि हाती भुकटी येते.

हे सारे इतके सुबक आहे की निसर्गाने ते तसेच राहू दिले असते तर नवल. पारा धातू असून वाहतो. उणे ३९ अंश सेल्सिअसपर्यंत गारठविल्याशिवाय तो घट्ट होत नाही. गॅलियम नावाचा धातू तीस अंशांच्या जरा अलीकडेच वितळतो. म्हणजे आपल्या हैदराबादच्या एप्रिल-मे महिन्यांत त्याला भट्टीची गरज नाही, कपाटात ठेवला तरी पुरे. उलट टंग्स्टनला ३४२२ अंश लागतात. ‘धातू जड असतो’ ही तर पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. १८०७ साली हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे काढले, तेव्हा ते पाण्यावर तरंगले आणि सुरीने कापताही आले. त्यांना धातू म्हणावे की नाही यावर पंडितांत काही काळ खल झाला. दुसऱ्या बाजूला आयोडीन अधातू असून चकाकतो, आणि पेन्सिलीतील ग्राफाइट अधातू असून वीज वाहून नेतो. शिसे धातू खरे, परंतु त्यावर टिचकी मारली तर आवाज बद्द येतो. तांबे मऊ, कथील त्याहून मऊ. मात्र चार भाग तांब्यात एक भाग कथील मिसळले की कांसे होते. ते कठीण होते आणि असे निनादते की देवळाची घंटा गावाच्या शिवेपर्यंत ऐकू जावी. वारकऱ्यांच्या टाळांतला नाद असा दोन मवाळ धातूंच्या संगतीतून जन्मलेला आहे.

अपवादांत मला सर्वांत मोठा वाटतो तो हिरा, आणि त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार हैदराबादइतका दुसऱ्या कोणत्या शहराला असेल? गोवळकोंड्याची कीर्ती जगभर पसरली ती हिऱ्यांमुळे. कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून निघालेले हिरे येथील बाजारात येत आणि येथून देशोदेशी जात. सुलतानांच्या खजिन्यात सोने काही कमी नव्हते. तरी जगाने त्यांचे नाव लक्षात ठेवले ते एका अधातूसाठी. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, जुन्या मराठी शब्दात कर्ब. १७७२ साली लाव्हाझिएने मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखविला, आणि १७९७ साली स्मिथसन टेनंट याने दाखवून दिले की हिरा आणि कोळसा सारख्या वजनाचे घेऊन जाळले तर वायूही सारखाच निघतो. वीज न वाहणारा हा हिरा उष्णता मात्र तांब्याच्या सुमारे पाचपट वाहून नेतो. येथे इलेक्ट्रॉनांचे गायरान नाही. अणूंची जाळीच इतकी ताठ आणि घट्ट आहे की एका टोकाचे कंपन दुसऱ्या टोकाला तत्काळ पोहोचते. शेवटचे निजाम सुमारे १८५ कॅरटांचा जेकब हिरा मेजावर कागदांवर ठेवण्याचे वजन म्हणून वापरीत, असे सांगतात. तो आफ्रिकेतला, गोवळकोंड्याचा नव्हे. १९९५ साली निजामांचे जडजवाहीर भारत सरकारने विकत घेतले, त्यात तोही आला. मला त्यात मौज वाटते ती एवढीच की, त्या कागदांवर पेन्सिलीची अक्षरे असतील तर वर कर्ब आणि खालीही कर्बच.

आता स्वयंपाकघरात येऊ. मराठीत एक क्रियापद आहे : ‘कळकणे’. तरुण सभासदांपैकी किती जणांनी ते ऐकले असेल याची मला शंका आहे. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचे सार राहिले की ते ‘कळकते’. चव उतरते, रंगावर हिरवट झाक येते, आणि ते पोटात गेले तर मळमळ होते. आंबट पदार्थातील आम्ल, हवेतील प्राणवायू आणि भांड्यातील तांबे यांची गाठ पडून तांब्याची विषारी संयुगे तयार होतात, ही सगळी रासायनिक प्रक्रिया आपल्या आज्यांनी एका क्रियापदात बसविली होती. संस्कृतातील ‘कलंक’ शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. उपायही ठाऊक होता : कल्हई. भांडे तापवावे, त्यावर नवसागराची पूड टाकावी, कथलाची कांडी फिरवावी आणि कापसाच्या बोळ्याने झपाट्याने पुसून घ्यावे. पांढरा धूर उसळला की मुले खोकत मागे सरत. तो धूर नवसागराचा. नवसागरात नायट्रोजन, हायड्रोजन आणि क्लोरीन असे तीन अधातू आहेत, एकही धातू नाही. उष्णतेने तो फुटतो, त्यातून निघालेले आम्ल तांब्यावरची मळकट पुटे खाऊन टाकते आणि मगच कथील तांब्याला धरते. म्हणजे दोन धातूंचे लग्न लावणारा भटजी अधातू आहे. पुढे घरोघर स्टेनलेस स्टील आले, कल्हईवाला रस्त्यावरून नाहीसा झाला आणि त्याच्याबरोबर ‘कळकणे’ही निघाले. स्टेनलेस स्टील डागत नाही याचे श्रेय आपण लोखंडाला देतो. वस्तुतः त्यातील क्रोमियमवर हवेतील प्राणवायूचा जो अतिसूक्ष्म थर बसतो, तो त्याला राखतो. साध्या लोखंडाला गंजवून खाणारा प्राणवायू येथे पहारेकरी झालेला आहे.

लोखंडाचा विषय निघाला म्हणून आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. पोलाद हा शब्द फारसीतून आला. त्याआधी मराठीत ‘तिखे’ असा शब्द होता, संस्कृत ‘तीक्ष्ण’ यापासून आलेला; रसशास्त्रात लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे जे तीन प्रकार आहेत त्यांतील मधला. तिखे म्हणजे ज्याला धार धरते असे लोखंड. शुद्ध लोखंड मऊ असते, त्याची कोयत्याइतकीही धार टिकत नाही. त्यात शेकडा अर्धा ते दीड भाग कर्ब शिरला की पोलाद होते. कर्ब शेकडा दोन भागांपलीकडे गेला की बीड होते. ते ओतता येते, पण ठोकता येत नाही, ठिसूळपणाने तडकते. लोहाराने तापवून लाल केलेले पाते पाण्यात बुडविले की आत शिरलेला कर्ब जागच्या जागी अडकतो आणि पाते कठीण होते. याला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. पाणी दिलेले पाते फार कडक झाले तर ते पुन्हा हलके तापवून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो, हेही लोहाराला ठाऊक होते.

या विद्येचे एक नामांकित पीठ आपल्या अगदी जवळ, निजामाबाद जिल्ह्यात होते. कोनसमुद्रम येथील भट्ट्यांत मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि कर्ब पुरविणारी सामग्री एकत्र तापवून उत्तम पोलाद काढीत. इराणचे व्यापारी ते नेण्यासाठी येत. हेन्री व्हॉयसी या संशोधकाने तेथील कृतीचे केलेले वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली छापले गेले. युरोपात या पोलादाला ‘वुट्झ’ असे नाव पडले. कानडी-तेलुगूतील ‘उक्कु’ शब्दाचे ते अपभ्रष्ट रूप मानतात. साक्षात मायकेल फॅरडेने १८१९ साली त्याचे पृथक्करण प्रसिद्ध केले आणि त्याचे मर्म त्यातील ॲल्युमिनियममध्ये शोधले. खरे मर्म कर्बाच्या प्रमाणात आणि सावकाश निवविण्यात होते. पोलाद म्हणजे लोखंड अधिक कर्ब, ही गोष्ट फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी १७८६ साली मांडलेली होती, तरीही फॅरडेसारख्याचे लक्ष धातूकडेच गेले. अधातू इतका थोडा असतो की त्याच्याकडे श्रेय द्यावे असे कोणाच्या मनात येत नाही.

आता थोडे अधिक वेळ थांबावेसे वाटते ते बिदरीच्या कामाजवळ. आपल्यापैकी अनेकांच्या घरी बिदरीचा पानदान, फुलदाणी, निदान एखादी डबी असेल. बिदर येथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. १९५६पर्यंत आपल्याच राज्यातला जिल्हा, आणि त्याच्या भालकी, औराद या भागांत आजही मराठी घरे नांदती आहेत. बहमनी काळापासून चालत आलेली मानली जाणारी ही कला पाहावयाची असेल तर कारागिराच्या पायरीवर एक दिवस बसले पाहिजे. मूळ धातू जस्त. त्यात थोडे तांबे; साधारणपणे सोळास एक असे प्रमाण सांगतात. जस्ताची स्वतःची कथा मोठी आहे. ते दगडातून वेगळे होण्याइतकी उष्णता दिली की त्याची वाफ होऊन उडून जाते, कारण ९०७ अंशांनाच ते उकळते. ही वाफ खालच्या भांड्यात धरण्याची युक्ती राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथील कारागिरांना युरोपच्या कित्येक शतके आधी साधली होती.

तर हे जस्त आणि तांबे मातीच्या साच्यात ओततात. कानशीने घासून अंग साफ करतात. मग मोरचुदाचे पाणी पुसले की पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो आणि त्यावर टोकाने वेलबुट्टी काढता येते. बारीक छिन्न्यांनी ती वेलबुट्टी कोरतात आणि कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा हलक्या हाताने ठोकून बसवितात. पुन्हा घासले की काळेपणा निघून जातो, आणि त्या वेळी वस्तू अगदी निराशाजनक दिसते. राखाडी अंगावर पांढरी चांदी, नक्षी डोळ्यांना सापडतसुद्धा नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की एवढा खटाटोप फुकट गेला.

यानंतरची पायरी मातीची आहे. बिदरच्या किल्ल्यातील, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती आणतात. ती माती नवसागराबरोबर पाण्यात कालवितात आणि वस्तू किंचित ऊन करून त्यात घालतात किंवा लेप चोळतात. पाहता पाहता जस्ताचे अंग गर्द काळे होते आणि चांदी मात्र जशीच्या तशी शुभ्र राहते. मग तेलाचा हात फिरला की काम पूर्ण. येथे काय झाले? मातीतील आणि नवसागरातील क्षारांनी जस्त-तांब्याच्या मिश्रणावर हल्ला केला. जस्त चपळ धातू. तो चटकन झुंजीत उतरतो. तांब्याचा जो थोडका अंश आहे, त्याच्यावाचून हा काळा रंग येत नाही. निव्वळ जस्ताला तो साधत नाही. चांदी अधिक स्थिर, ती या भांडणात पडलीच नाही. पाठ्यपुस्तकात धातूंची ‘क्रियाशीलता श्रेणी’ नावाचे एक कोष्टक असते, वर सोडियम-पोटॅशियम, मध्ये जस्त-लोखंड, खाली तांबे, चांदी, सोने. मुले ते घोकतात. बिदरीची डबी म्हणजे ते कोष्टकच आहे, फक्त काळ्या-पांढऱ्यात लिहिलेले.

माती योग्य आहे की नाही हे कारागीर ती जिभेवर ठेवून ठरवितो. खारटपणा, तुरटपणा, जिभेला जाणवणारी एक चिमटी. ही परीक्षा कोणत्या पुस्तकात लिहून ठेवली आहे? बिदरीला २००६ साली भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. हे योग्यच झाले. परंतु जिभेवरच्या त्या चवीला कारागिरांच्या बोलीत कोणते शब्द आहेत, याची नोंद व्हावयास हवी.

दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारातील लोहस्तंभाचा उल्लेख केल्यावाचून धातूंवरचे भाषण पुरे होत नाही, म्हणून थोडक्यात करतो. सुमारे सोळाशे वर्षे तो उघड्यावर उभा आहे. त्याविषयी चमत्काराच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. कानपूरच्या आय.आय.टी.तील आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले की त्या लोखंडात स्फुरद म्हणजे फॉस्फरस नेहमीपेक्षा अधिक, शेकडा पाव भागाच्या आसपास आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर गंजाला रोखणारा एक चिवट थर तयार झाला. आजचे कारखाने स्फुरद दोष म्हणून काढून टाकतात, कारण त्याने पोलाद ठिसूळ होते. त्या स्तंभाला मात्र तोच लाभला.

आता पुन्हा वैद्याच्या सात धातूंकडे वळतो. माणसाच्या शरीराच्या वजनात शेकडा पासष्टच्या आसपास प्राणवायू, अठरा कर्ब, दहा हायड्रोजन आणि तीन नायट्रोजन. बेरीज शहाण्णव. हाडांतला कॅल्शियम वगळला तर धातू अगदी किरकोळ उरतात. रक्ताला लाली देणारे लोह साऱ्या शरीरात तीन-चार ग्रॅम, म्हणजे एखादा खिळा होईल इतके. तेव्हा रस-रक्त-मांसादी सातही ‘धातू’ मुख्यतः अधातूंचे बनलेले आहेत! वैद्यांचा शब्द चुकला असे मी म्हणणार नाही. जो धारण करतो तो धातू, ही त्यांची व्याख्या होती आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे लावली. त्या व्याख्येने पाहिले तर कर्ब आणि प्राणवायू यांच्याइतके धारण करणारे दुसरे कोण आहे?

नावांचा प्रश्न निघालाच आहे. ऑक्सिजन या ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थ ‘आम्ल उत्पन्न करणारा’. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच अशी लाव्हाझिएची समजूत होती; पुढे डेव्हीने ती खोटी ठरविली, पण नाव राहिले. बंगालीत त्याचे भाषांतर ‘अम्लजान’ असे झाले, म्हणजे चूकही भाषांतरित झाली. मराठीने ‘प्राणवायू’ म्हटले आणि ती वाचली. २०२१ साली महामारीच्या दुसऱ्या लाटेत वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘प्राणवायू’ हा शब्द पुन्हा दिसू लागला, तेव्हा त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅश यांना महाविद्यालयांनी केव्हाच इंग्रजी नावांनी हाक मारावयास सुरुवात केली. शेतकरी मात्र खताच्या पोत्याविषयी बोलताना आजही ‘नत्र, स्फुरद, पालाश’ म्हणतो. शब्द हाताला लागतो तेथे टिकतो, ही माझी समजूत त्यामुळे पक्की झाली आहे.

याच शहरात १९१७ साली दारुत्तर्जुमा स्थापन झाले, आणि दुसऱ्या वर्षी उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. रसायन, पदार्थविज्ञान, वैद्यक या सर्वांचे हजारो पारिभाषिक शब्द विद्वानांनी अपार कष्टांनी सिद्ध केले. १९४८ नंतर माध्यम बदलले आणि ते शब्द कपाटात गेले. त्या विद्वत्तेविषयी मला नितांत आदर आहे. राज्यकर्त्यांच्या आश्रयावर उभारलेली परिभाषा आश्रयाबरोबरच जाते, एवढीच नोंद करतो. मराठीतील वर्धनीयता, तन्यता हे शब्द टाकून द्यावेत असेही माझे म्हणणे नाही. नेमकेपणासाठी ते हवेतच. माझी तक्रार आहे ती ‘ठोकणे’, ‘ओतणे’, ‘पाणी देणे’, ‘कळकणे’ यांना वर्गाच्या दाराबाहेर उभे केले जाते याविषयी. मुलाला आधी घरातला शब्द भेटला, मग शास्त्रातला, तर दुसरा शब्द त्याच्या मनात मुळासकट रुजतो. येथील मराठी शाळांतील पटसंख्या दरवर्षी रोडावत आहे. उरलेल्या मुलांना शास्त्र इंग्रजीत आणि भाषा नुसती गुणांपुरती, अशी विभागणी झाली तर घरातले शब्द त्यांना सांगणार कोण?

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयाकडे माझे एक मागणे आहे, आणि ते खर्चाचे नाही. येथे लोहार, तांबट, कासार, सोनार, ओतारी यांची जी मराठी घरे आहेत, त्यांतील वडीलधारी मंडळी अजून आपल्यात आहेत. तीन-चार तरुण सभासदांनी वहीपेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जावे. हत्यारांची नावे, धातूच्या अवस्थांची नावे, तापलेल्या लोखंडाच्या रंगांची नावे, चांगल्या-वाईट आवाजाची, वासाची, चवीची नावे जशी सांगतील तशी उतरवून घ्यावीत. त्यात कानडी असेल, तेलुगू असेल, दखनी तर असेलच. काहीही गाळू नये. जमल्यास एक खेप बिदरलाही व्हावी. ज्याच्या तोंडून शब्द मिळाला त्याचे नाव, गाव आणि वय शेजारी लिहावे. ती वही ग्रंथालयाच्या दाखलनोंदीत एका क्रमांकाने चढावी आणि वाचनकक्षात सर्वांना पाहावयास मिळावी. पहिल्या पानासाठी माझ्याकडून ‘कळकणे’ आणि ‘तिखे’ हे दोन शब्द आजच जमा करून घ्यावेत.